खळीचं पीठ

आमच्या घरात जोंधळ्याचं पीठ दोन प्रकारचं असायचं. एक आमचं आणि एक सुताचं. सुताचं पीठ नेहमी जास्त असायचं, आणि हे कळायला लागलं तेव्हापासून माझा सुतावर राग आहे. आता ऐंशीच्या घरात आले, तरी नवी कोरी साडी हातात आली की आधी तिचा वास घेते आणि मनात म्हणते, खाल्लंस ना मेल्या पोटभर. सुना हसतात. म्हातारीला खूळ लागलंय म्हणतात. म्हणू देत.

ज्यांना मागाची माहिती नाही त्यांना सांगायला हवं. साडी विणताना जे उभं सूत मागावर चढवतात त्याला ताणा म्हणतात. कच्चं सूत तसंच चढवलं तर दोन ठोक्यांत तुटतं. म्हणून त्याला आधी खळ लावायची. खळ म्हणजे जोंधळ्याचं पीठ पाण्यात कालवून शिजवलेली पेज, दुसरं काही नाही. सकाळी ऊन तापायच्या आत बेळगावातल्या वडगावच्या आमच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणे पसरलेले असत. खाली काठ्यांचे आधार, आणि बापेमाणसं दोन्ही बाजूंनी कुंचे घेऊन सुताला ती पेज चोळत मागं-पुढं चालायची. सगळ्या गल्लीला शिजल्या पिठाचा वास सुटायचा. खळीत आणि आंबिलीत फरक काय तो मिठाचा. आम्ही पोरं दारात बसून तो वास घ्यायचो, आणि ज्यांच्या घरात आदल्या दिवशी चूल नीट पेटलेली नसे ती पोरं जरा जास्त जवळ बसायची. मोठी माणसं ओरडायची, "सरका रं लांब, धूळ उडतीया." धुळीचं निमित्त होतं. आमचे डोळे त्या भांड्यावर असायचे, ते त्यांना बघवत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची वर्षं होती. धान्य कंट्रोलच्या दुकानात कार्डावर मिळायचं. रांगेत उभं राहून पाय मोडायचे आणि हातात यायचं काय, तर खडे जास्त नि दाणे कमी असलेला तांदूळ, नाहीतर कुठल्या तरी परदेशातला लाल जोंधळा, ज्याची भाकरी थापताना आईच्या हातातच तुटायची. लहान पोरांना निम्मा वाटा. पोट निम्मं असतं असा सरकारचा हिशेब असावा. आठवड्याचं धान्य पाच दिवस पुरायचं. उरलेल्या दोन दिवसांचं काय, हे कार्डावर कुठं छापलेलं नव्हतं.

घरात आम्ही चौघं. आप्पा, आई, मी दहा वर्षांची, आणि धाकटी साडेतीनची. आमच्या दोघींच्या मध्ये दोन झाली होती, ती राहिली नाहीत. एक गोवरानं गेलं आणि एक कशानं गेलं ते कुणी सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नाही, कारण ते गेलं त्या दिवसांत घरात काय शिजत होतं ते मला चांगलं आठवत होतं.

जेवायची एक पद्धत ठरलेली होती. आधी आप्पा, कारण माग त्यांना ओढायचा. मग मी, कारण दिवसभर चरख्यावर धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरायचं काम माझं. मग धाकटी, कारण ती काहीच करत नव्हती. शेवटी आई, म्हणजे कुणी नाही. कुणी हे ठरवून केलं नव्हतं, सगळ्या गल्लीत असंच होतं आणि सगळ्यांना ते बरोबरच वाटायचं. आज मला या क्रमाची लाज वाटते. तेव्हा मला फक्त एवढं बरं वाटायचं की माझा नंबर दुसरा आहे.

त्या उन्हाळ्यात धाकटी चालायची थांबली. आधी गल्लीभर दुडदुडायची, मग उंबऱ्यापर्यंत, मग भिंतीला टेकून बसायची ती उठायचीच नाही. केस तांबूस झाले, पोट पुढं आलं, पायांच्या काड्या. आईनं तिला काखेत मारून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्याच्या पापण्या ओढून बघितल्या, पोट दाबलं, आणि कानडीत काहीतरी म्हणाले. आईला कानडी चांगली येत होती, तरी तिनं पुन्हा विचारलं. ते म्हणाले, औषध नाही, हिला खायला घाला.

घरी येऊन आईनं ते आप्पांना सांगितलं आणि हसली. तिचं ते हसणं मला अजून आवडत नाही.

"खायला घाला म्हनं. लई शिकल्याला डाक्टर हाय."

आप्पा मागावरून उठले नाहीत. धोटा तसाच हातात धरून म्हणाले, "हिला जगवायची. काय बी कर."

बस, एवढंच. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरं काही महत्त्वाचं उरलं नाही. आधीची दोन गेली, ही जाऊ द्यायची नाही.

काय बी कर म्हणजे काय, ते आईला कळलं. आप्पा शहापूरच्या एका व्यापाऱ्याकडून सूत आणायचे आणि साड्या विणून त्याच्याच घरी पोचवायचे. लढाईमुळं बाजारात पीठ मिळेना, म्हणून तो व्यापारी सुताबरोबर खळीचं पीठही मोजून द्यायचा. चांगलं, पांढरंशुभ्र, देशी जोंधळ्याचं. आमच्या चुलीला मिळायचा लाल भुसा आणि सुताला हे पीठ. आईनं त्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या. आणि सुताला खळ लावली चिंचोक्यांची.

चिंचोके भाजून, सालं काढून, जात्यावर दळले की त्याचीही चिकट पेज होते. घोंगड्यांना लावतात ती. सुती साडीच्या ताण्याला चिंचोका लावणं म्हणजे आप्पांसारख्या माणसाला नाक कापल्यासारखं. ते आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. पण कुंचा त्यांनीच धरला. चिंचोके गोळा करायचं काम माझं. पिरनवाडीच्या वाटेला चिंचेची जुनी झाडं होती, तिथं पाला उकरून उकरून मी ओटीभर चिंचोके आणायची. तिथं गल्लीतली आणखी पाच-सहा पोरं भेटायची. सगळ्यांच्या ओटीत चिंचोके, आणि कुणी कुणाला विचारायचं नाही की एवढे कशाला हवेत.

म्हणजे गल्लीच्या गल्ली सुताच्या तोंडातला घास काढून खात होती.

हे लपण्यासारखं नव्हतं. चिंचोक्याच्या खळीनं सूत जरा तपकिरी पडतं, कापड ताठर होतं. व्यापाऱ्याचा दिवाणजी शहाणा होता. त्यानं साड्या बोटांत चुरगाळून बघितल्या आणि त्याला कळलं. तो ओरडला नाही, काम बंद केलं नाही. त्यानं फक्त पुढच्या खेपेपासून पिठात मोरचूद मिसळायला सुरुवात केली. निळे खडे कुटून केलेली पूड. सांगायचं कारण असं की मोरचुदानं खळीला बुरशी धरत नाही. ते खरंही होतं. पण ती चिमूटभर लागते. तो मूठ मूठ घालायचा, आणि मोरचूद पोटात गेलं तर माणूस ओकून ओकून मरतं हे कुणाला वेगळं सांगायला नको होतं.

एक गोष्ट मला मोठेपणी जास्त टोचत गेली. तो सगळ्यांच्या पिठात मोरचूद घालत नव्हता. आमच्या शेजारच्या काकूंच्या घरात पोरंबाळं नव्हती. नवरा-बायको दोघंच, दोघंही मागावर. त्यांना पांढरं पीठ मिळायचं. दिवाणजीचा विचार सरळ होता, ज्या घरात पोरं नाहीत ते घर पीठ खाणार नाही. म्हणून पीठ द्यायच्या आधी तो विचारायचा, "घरात पोरं किती?" दुसरं कुणी हा प्रश्न विचारतं ते पोरांना काहीतरी द्यायला. हा विचारायचा विष किती घालायचं ते ठरवायला.

काकूंकडून पीठ मागावं असं आईच्या मनात आलं असणार. पण काकूंचा नवरा कडक होता, एका मुठीचाही हिशेब घ्यायचा. आईनं मागितलं नाही.

तिनं दुसरंच केलं. पुढच्या खेपेला आप्पांबरोबर ती स्वतः शहापूरला गेली. दिवाणजीनं नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा आप्पा खाली बघत राहिले आणि आई म्हणाली, "दोगी बी आजोळी धाडल्यात. बोरगावाकडं. हितं काय खायाला घालायचं?"

"कवा येनार?"

"आता न्हाईत येत. माजी आई ठेवून घेनार हाय."

त्यानं पीठ पांढरं दिलं. घरी आल्यावर आप्पांनी पगडी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "जित्या पोरी नाहीत म्हनून सांगितलंस."

आई म्हणाली, "नाहीत म्हटलं तरच ऱ्हातील."

त्या दिवशी धाकटीनं दीड भाकरी खाल्ली. मी मोजत होते, कारण उरलेली अर्धी मला मिळणार होती. आठ दिवसांत ती भिंत धरून उभी राहिली. पंधरा दिवसांत उंबऱ्यापर्यंत आली. आई तिला उचलून तिचे गाल दाबून बघायची आणि मला म्हणायची, "हिच्या अंगावर मांस आलंया बघ." मला दिसत नव्हतं, पण मी व्हय म्हणायची. चिंचोके आणायला आता मी भर दुपारी, वाट निर्जन असताना जायची, कारण मी बोरगावला होते ना.

दिवाणजी अधूनमधून मागांची फेरी करायचा. कुणाचं काम कुठवर आलंय ते बघायला दुपारच्या वेळी छत्री घेऊन यायचा. तो गल्लीत शिरला की पहिल्या घरातली बाई मोठ्यानं खोकायची, मग दुसरी, आणि खोकला आमच्या दारापर्यंत यायचा. खोकला ऐकला की आम्ही दोघी मागाच्या खड्ड्यात.

आमचे माग जमिनीतले होते. जमिनीत खड्डा, काठावर विणकर बसतो, पाय खड्ड्यात, आणि पायांनी खालच्या फळ्या दाबत विणतो. त्या खड्ड्यात कोपऱ्याला मी गुडघे छातीशी घेऊन बसायची, पुढ्यात धाकटी, आणि माझा हात तिच्या तोंडावर. आप्पांचे पाय माझ्या दंडाला घासत खालीवर व्हायचे. खाली ओल, कुबट वास आणि सुताची तुसं. पहिल्या दिवशी ती रडली. मी तिला चिमटा काढला आणि सांगितलं, आवाज केलास तर भाकरी बंद. साडेतीन वर्षांच्या पोरीला एवढं पुरतं. दोन फेऱ्या अशा निभावल्या.

तिसऱ्या फेरीला आईची एक चूक झाली. धाकटीचं झबलं धुऊन आतल्या दोरीवर वाळत घातलं होतं. खोकला आला तेव्हा आई आम्हाला खड्ड्यात उतरवत होती, आणि झबलं राहिलं.

दिवाणजी आत आला. खड्ड्यातून मला त्याच्या वहाणा दिसत होत्या आणि छत्रीचं टोक. तो दोरीपाशी थांबला. मग खाटेवर बसला. आप्पांनी माग थांबवला नाही. आई म्हणाली, "पानी आनू?"

"नको. दमलोय जरा, बसतो."

मग कागद उलगडल्याचा आवाज आला. आणि मग कुरुम कुरुम. चिरमुरे. ताजे, फोडणीचे. लसणाचा आणि शेंगदाण्याचा वास त्या कुबट खड्ड्यातसुद्धा आला. आमच्या बेळगावात चिरमुरे म्हणजे गरिबाचं खाणं, एरवी त्याचं कौतुक ते काय. पण मी कित्येक महिन्यांत त्यांचा वास घेतला नव्हता. तो सावकाश खात होता, एकेक घास. मधेच म्हणाला, "एकट्याला जात न्हाईत बघा. घरात पोर असतं तर दिले असते."

आप्पांचे पाय चालू होते.

"एवडा मोटा पुडा हाय. कुनी पोर न्हाई म्हनता?"

धाकटी माझ्या हाताखाली वळवळायला लागली. मी हात घट्ट केला. तिनं चावा घेतला आणि ती सुटली. आई-आप्पांना मी शेवटपर्यंत असंच सांगितलं, ती चावली म्हणून सुटली. चावली होती, खरं आहे. पण तिच्या दातांत एवढा जोर नव्हता. माझ्याच तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि माझा हात ढिला पडला. एकीला मिळाले तर दुसरीलाही मिळतील, असं काहीतरी माझ्या मनात आलं होतं. हे मी पहिल्यांदा लिहिते आहे.

ती आप्पांच्या मांडीवरून चढून वर गेली. केसांत तुसं, तोंडाला माती. दिवाणजीपुढं जाऊन उभी राहिली आणि झग्याची ओटी पसरली. तोंडानं काही मागितलं नाही. माग थांबला.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिच्या ओटीत सगळा पुडा रिकामा केला, डोक्यावरनं हात फिरवला. म्हणाला, "पोर गोड हाय. एवढ्यात बोरगावाहून चालत आली?" मग आईकडं वळला. "बाई, पिठाचा डबा आना."

आईनं डबा आणला. नाही म्हणायची सोय नव्हती, काम त्याच्या हातात होतं. डब्यात अजून चार-पाच दिवसांचं पीठ होतं. त्यानं कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. पुडी बांधून आणली होती, म्हणजे आमच्या तपकिरी साड्या बघून घरातनं निघतानाच त्याला माहीत होतं. ती पुडी डब्यात ओतून त्यानं आमच्याच उलथण्यानं पीठ ढवळलं, वरचं खाली, खालचं वर, अगदी मन लावून. एखादी बाईसुद्धा एवढं नीट ढवळणार नाही. मग हात झटकले, छत्री घेतली आणि पुढच्या घराकडं गेला.

आप्पा मागावर तसेच बसून राहिले. आई डब्यात बघत बसली. धाकटीला कुणी बोललं नाही. मग ते काम मी केलं. तिचा दंड धरून तिला परसात नेली आणि तिच्या थोबाडीत मारली. दोन मारल्या. दुसरी जोरात लागली, तशी ती खाली बसली, पण ओटी तिनं सोडली नाही. मग मी तिच्या झग्यातले चिरमुरे घेतले आणि खाल्ले.

थोडे नाही, सगळे. उभ्यानं, मुठी भरभरून, शेंगदाणा न् शेंगदाणा. चार-दोन खाली सांडले ते उचलून खाल्ले. ती माझ्याकडं बघत होती. रडली नाही. आवाज करायचा नाही हे मीच तिला शिकवलं होतं.

खाऊन झाल्यावर मी तोंड पुसलं आणि मागं वळले, तर कुंपणापलीकडं शेजारच्या काकू भांडी घासत बसल्या होत्या. राख लागलेला हात तसाच धरून त्या बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कुणास ठाऊक.

आईनं ते पीठ टाकून दिलं नाही. बादलीत पाणी घेऊन पीठ त्यात सोडलं, खाली बसू दिलं, वरचं पाणी ओतलं. पाणी निळसर. पुन्हा तसंच केलं. पुन्हा निळसर. पाचव्यांदा पाणी जवळजवळ स्वच्छ दिसलं तेव्हा तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. मग मला म्हणाली, "खळीचं भांडं आन." दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी गल्लीत ताणा पसरला आणि त्याला ते पीठ चोळलं. चांगलं दाट, एकही गुठळी नाही. तो ताणा शेवटपर्यंत एकदाही तुटला नाही. त्या साड्यांचं शहापुरात कौतुक झालं, अशी वीण बऱ्याच दिवसांत बघितली नाही म्हणाले. आप्पांनी घरी येऊन ते सांगितलं नाही, मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

आणि आम्ही काय खाल्लं? घरात सुतासाठी दळायला ठेवलेले चिंचोके होते. आईनं ते भाजले, भिजत घातले, उकडले. सुतानं आमचं पीठ खाल्लं आणि आम्ही सुताचे चिंचोके. चावून चावून जबडा दुखायचा. धाकटीच्या पोटात ते ठरेनात. चार दिवसांत ती परत भिंतीला टेकून बसली, आणि तिच्या डोळ्यांकडं बघायचं मी टाळायला लागले.

पाचव्या दिवशी काकू दारात आल्या. हातात वाटी, वाटीत आंबील, पांढऱ्या पिठाची. आई चुलीपाशी होती. मी पुढं होऊन हात पसरला, म्हटलं, "द्या काकू, मी भरवते."

त्यांनी वाटी मागं घेतली. "तुज्या हातात न्हाय देनार."

एवढंच म्हणाल्या. आई काही विचारेल म्हणून मी गारठले, पण आईनं नुसतं वर बघितलं. काकूंनी धाकटीला उचललं, आपल्या उंबऱ्यावर नेऊन बसवलं आणि वाटी रिकामी होईस्तोवर तिच्यापुढनं हलल्या नाहीत. नवरा पाणी भरायला गेला की त्या रोज तिला बोलवायच्या. चोरून, आपल्याच घरात चोरी करून. पावसाळा संपेपर्यंत हे चाललं. मला त्यांनी एकदाही बोलावलं नाही, आणि मी गेले नाही.

धाकटी जगली. काकूंनी जगवली. आप्पा म्हणायचे, माझ्या मागानं जगवली. आई म्हणायची, देवानं. ज्यानं त्यानं ज्याला त्याला श्रेय दिलं. काकूंनी परसातली गोष्ट मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही, पण माझ्या लग्नात त्यांनी माझ्या ओटीत तांदूळ घातले तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही, एवढं मला कळलं.

धाकटीचं सगळं चांगलं झालं. लेकरं झाली, नातवंडं झाली. गेल्या वर्षी तिच्याकडं चार दिवस राहायला गेले होते. दुपारी तिच्या सुनेनं चिरमुरे फोडणीला टाकून दोघींच्या पुढं आणून ठेवले. धाकटीनं मूठभर घेतले आणि हातातच धरून बसली.

"आक्का, मला बारीकपनीचं कायसुद्धा आठवत न्हाय बघ. आप्पांचा माग न्हाय, ती गल्ली न्हाय. पन एक आठवतंय. कुनीतरी माज्या झग्यात चिरमुरे वतलेलं. झगा भरून. कोन गं ते?"

"असंल कुनीतरी. व्यापाऱ्याचा मानूस यायचा."

"भला मानूस असंल."

मी चिरमुऱ्यांतले शेंगदाणे वेचून बाजूला करत राहिले.

"फुडं काय झालं त्यांचं? चिरमुऱ्यांचं?"

एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच विचारलं. सांगायचं असतं तर तेव्हाच. सून आत होती, आम्ही दोघीच, आणि असं किती आयुष्य उरलंय आमचं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "काय व्हायचं? तूच खाल्लास की. मला एक बी दिला न्हाईस."

ती हसली. बोळकं तोंड उघडून, पोटभर हसली. "व्हय? तरीच. चव अजून आठवती मला." आणि हातातले चिरमुरे तिनं माझ्या पुढ्यात ठेवले. "घे गं आक्का. तवाचं आता घे."